शहापूर-मुरबाड परिसरातील ऐतिहासिक वास्तू : दगड, चुना आणि पाणी

प्रस्तावना :
ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले असून येथे दरवर्षी सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. येथील वास्तूंचा अभ्यास आजवर प्रामुख्याने राजकीय अंगाने झाला आहे. माहुली किल्ल्याचा उल्लेख होताच १६३६ मधील शहाजीराजांची माघार, १६६५ चा पुरंदरचा तह आणि १६७० मधील फेरविजय आठवतो. परंतु अशा वास्तूंनी शेकडो पावसाळे कसे सोसले, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

दगड आणि चुना :
मुंबईत जुन्या सचिवालयासारख्या (१८७४) इमारतींसाठी पोरबंदरचा सच्छिद्र चुनखडीचा दगड समुद्रमार्गे आणला गेला. शहापूर-मुरबाडचा दगड मात्र काळा बेसाल्ट आहे. घट्ट बेसाल्टमधून पाणी फारसे जात नाही. ते भेगांतून व थरांच्या सांध्यांतून झिरपते. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे येथून चढाव असलेल्या नाणेघाटातील सातवाहनकालीन लेणे आणि पाण्याची टाकी याच कातळात खोदलेली आहेत. लेण्यातील ब्राह्मी लेखाचा बराच भाग आज झिजला आहे.

बांधीव वास्तूंत मात्र दोन दगडांमध्ये चुना येतो. चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना तयार होतो. तो पाण्यात विरवून, वाळूसह घाणीत मळून बांधकामात वापरला जातो. पुढे हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो. म्हणजेच पोरबंदरी दगडात जी चुनखडी संपूर्ण भिंतीत असते, ती येथे केवळ सांध्यांत असते.

पाण्याचे वहन :
या सूक्ष्म छिद्रांतून पाणी केशाकर्षणाने वर चढते. छिद्र जितके बारीक, तितकी चढण्याची उंची अधिक. ०.०१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी तत्त्वतः सुमारे दीड मीटर चढू शकते. त्यामुळे जमिनीतील ओल जोत्यावरून भिंतीत येते. पाऊस सरल्यावर हेच पाणी सांध्यांवाटे बाहेर येऊन वाळते आणि सोबत आलेले क्षार पृष्ठभागावर साचतात. हे क्षार छिद्रांच्या आत स्फटिकरूप धारण करतात तेव्हा तेथील थर सुटू लागतो. शिवाय पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी चुना विरघळवते व अन्यत्र पांढऱ्या पुटाच्या रूपात सोडते.

वरवर पाहता हा चुन्याचा दोष वाटतो. वस्तुतः ओल बाहेर पडण्याची वाट चुन्यातून जाते. तो झिजतो म्हणून दगड वाचतो. झिजलेला चुना काढून नवा भरणे हा वास्तूच्या देखभालीचाच भाग होता. चुना दुर्बल असतो, असेही सरसकट म्हणता येत नाही. शहापूर तालुक्यातील तानसा धरण (१८९२) दगड आणि पाण्यातही घट्ट होणारा चुना यांतून उभे राहिले.

दुरुस्तीचा प्रश्न :
आज गावोगावी जुन्या मंदिरांच्या जीर्णोद्धारात दर्जा सिमेंटने भरल्या जातात. त्यामागे श्रद्धा असते, लोकवर्गणी असते. हेतूविषयी शंका नाही. परंतु सिमेंटचा थर चुन्याहून घट्ट असतो. आत शिरलेल्या पाण्याची वाट त्याने अडते व ओल भिंतीतच मुरते. सच्छिद्र दगड असल्यास ती दगडातून बाहेर पडू लागते आणि क्षार दगडाचाच पापुद्रा काढतात. येथील बेसाल्टमध्ये आतला चुना भिजत राहून पोकळ होतो, तर बाहेरून भिंत नवी दिसते. सिमेंटमधील विद्राव्य क्षारांची त्यात भर पडते.

निष्कर्ष :
सारांश, शहापूर-मुरबाडच्या बांधीव वास्तूंत चुना हा गौण जोडपदार्थ नसून पाण्याचे नियमन करणारा घटक आहे. म्हणून जीर्णोद्धारापूर्वी छपरावरील व जोत्याजवळील पाण्याचा निचरा, सांध्यांत वाढलेली झाडे आणि मूळ चुन्याचे स्वरूप यांची पाहणी होणे अगत्याचे आहे. त्याचबरोबर चुना विरवण्याची व मळण्याची माहिती असलेल्या वृद्ध गवंड्यांकडून तिची नोंद महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमार्फत करून घेता येईल. शिलालेख झिजला तरी त्याचा ठसा जपता येतो. कारागिराचे ज्ञान मात्र नोंदीविना त्याच्यासोबतच संपते.