दूध सांगून विकलेली शेळी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीत गोटमार होते, हे बहुतेकांनी वर्तमानपत्रात वाचलेले असते. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात आणि तो काढण्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव या दोन काठांवरची माणसे एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी शेकडो डोकी फुटतात. मी तिकडे जाऊन आलो म्हटल्यावर ऑफिसात ज्याने त्याने मला गोटमारीबद्दलच विचारले. ती मी पाहिली नाही. मला डोकी फुटलेली बघवत नाहीत, आणि आमचे साडू म्हणाले, "त्यापेक्षा आदल्या दिवशी बैल बघायला चला." म्हणून पोळ्याच्या दिवशी आम्ही सौंसरकडच्या एका खेड्यात त्यांच्या काकांकडे गेलो. तिथे एका म्हाताऱ्या माणसाने मला एक शेळी विकायला नकार दिला. आज लिहायचे आहे ते त्या नकाराविषयी.

गोव्याच्या वाचकांसाठी थोडा भूगोल. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते, २०२३ पासून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश, पण घरातली भाषा मराठी. संत्र्याचे मळे, कापूस, चुलीवरची भाकर, आणि बोलण्यात पावलोपावली "जी". नागपूर तिथून गाडीने दोन-अडीच तासांवर.

आता माझी गोष्ट. माझ्या आईला गाईम्हशीचे दूध सोसत नाही. तिच्या लहानपणी घरी शेळी होती, म्हणून म्हातारपणी तिने शेळीच धरून ठेवली. दोन वर्षांपूर्वी मी घाटावरच्या एका बाजारातून, एका व्यापाऱ्याकडून शेळी आणली. "संगमनेरी आहे साहेब, दोन वेळचे मिळून दोन लिटर." कास तट्ट भरलेली होती. मी कारकून माणूस, कागद वाचता येतो, कास वाचता येत नाही. घरी आणल्यावर पहिल्या दिवशी दूध निघाले, दुसऱ्या दिवसापासून जेमतेम पाव लिटर. आदल्या दिवशीची धार न काढताच तिला बाजारात उभी केली होती, हे शेजाऱ्याने सांगितले तेव्हा कळले. पैसे गेले म्हणून सोडून दिले असते. पण पुढे ती गाभडली आणि त्याच सुमारास आईला ताप येऊ लागला. यायचा, जायचा, पुन्हा यायचा. सांधे धरले. दीड महिन्याने रक्ताच्या तपासणीत ब्रुसेल्ला निघाला. आई धारोष्ण दूध प्यायची. तिला वाटायचे, उकळले की त्यातला जीव जातो. पुष्कळ दिवस औषधे घेऊन ती बरी झाली. शेळीचे रक्त तपासले, तर रोग तिच्यातही होता. व्यापाऱ्याला ते ठाऊक होते की नाही, देव जाणे. त्याचा फोन लागला नाही, आणि ती शेळी मुळात कोणाच्या गोठ्यातली होती हे विचारायला दुसरी जागा नव्हती.

हे सगळे डोक्यात घेऊन मी सौंसरच्या त्या गोठ्यापुढे उभा होतो. पोळ्याचे बैल सजवून झाले होते, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. मागच्या छपरात सात-आठ शेळ्या बांधलेल्या. तांबूस-पिवळसर रंग, शिंगापासून नाकाडाकडे उतरणारे पट्टे. ही विदर्भातली बेरारी शेळी. राज्याची सीमा तिला ठाऊक नाही. एक शेळी फार देखणी होती. मी सहज म्हटले, "काका, ही द्याल का? आईला दुधासाठी हवी आहे."

काका म्हणाले, "पाव्हणे, न्याची असन तर बोकडाच्या भावानं नेजा. पर दुधासाठी म्हणून मी इकत नाही."

"का?"

"हे आपल्या पिल्लापुरतं दूध देते जी. माणसाले उरत नाही. तुमी गोव्याले नेसान, आठ दिवसांनं मले शिव्या देसान."

मग त्यांनीच मला प्रश्न विचारले. बांधाल कुठे, पावसात कोरडी जागा आहे का, चारा-पाला कोण आणेल, जोडीला दुसरी शेळी आहे का, एकटी ओरडून ओरडून खंगते. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच असा विकणारा पाहिला, जो गिऱ्हाइकाचीच मुलाखत घेतो.

परत येताना साडू म्हणाले, "काका शेळीवाले नाहीत, मूळचे गाईवाले. गवळाऊवाले." आणि मला त्या नकाराचा उगम सापडल्यासारखे वाटले.

गवळाऊ ही त्या मुलखातली गाय. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, शिवनी, बालाघाट एवढा तिचा पट्टा. पांढरी ते राखी, अंगाने सडपातळ, लांबट निमुळते तोंड, बदामी डोळे, आखूड बोथट शिंगे. नाव अर्थातच गवळ्यांवरून. या भागात गवळ्यांची आठवण फार जुनी आहे. छिंदवाड्याजवळच्या देवगडावर गोंडांच्या आधी गवळी राजे होते आणि जाटबा नावाच्या गोंडाने त्यांना मारून राज्य घेतले, अशी दंतकथा सांगतात. जाटबा मात्र दंतकथेतला नव्हे, त्याचा उल्लेख ऐन-इ-अकबरीत आहे. याच देवगडच्या बख्त बुलंदाने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले, आणि पुढे अठराव्या शतकात ते राज्य रघूजी भोसल्यांच्या हाती गेले. भोसल्यांच्या फौजा बंगाल-ओरिसापर्यंत धावल्या. डोंगराळ वाटांनी सामान घेऊन भरभर चालणारा बैल लागे, आणि गवळाऊचा चपळ बैल मराठ्यांनी या कामासाठी घडवला, असे पशुतज्ज्ञ मानतात.

घडवला म्हणजे काय? काकांनी ते दोन वाक्यांत सांगितले. कोणता गोऱ्हा वळू म्हणून ठेवायचा आणि कोणता ठेचून नांगराला जुंपायचा, हे त्याच्या आईकडे बघून ठरायचे. आईचे दूध किती, स्वभाव कसा, वेत किती अंतराने, हे पंचक्रोशीला तोंडपाठ. बाजारात भाव ठरायचा रुमालाखाली बोटे दाबून, तो गुप्त. पण जनावर कोणाच्या दावणीचे, हे मात्र चारचौघांत मोठ्याने सांगायचे. एकदा खोटे सांगितले की पुढच्या पोळ्याला त्या घरचा गोऱ्हा कोणी घेत नसे. कागद नव्हता, पण नोंद होती. ती माणसांच्या डोक्यात होती आणि खोट्याला शिक्षाही होती.

ही नोंद विसकटत गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा, शिवनी, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. तोपर्यंत नागपूर हीच या सगळ्यांची राजधानी होती. एकाच गाईच्या मुलखावर दोन सरकारे, दोन खाती, दोन धोरणे आली. मग जर्सी-होल्स्टीनचा संकर आला, ट्रॅक्टर आला. संकराने दूध वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चपळ बैलाला काम उरले नाही आणि "कोणाच्या दावणीचे" हा प्रश्न विचारणारेही कमी झाले.

शेळीच्या वाट्याला तर ही नोंद फारशी आलीच नाही. ती गरिबाची गाय, भूमिहीनाची, विधवेची. वनखात्याच्या लेखी ती जंगलाची शत्रू. तिचा वंश सांभाळायला कोणाला सवड होती? उलट एक विचित्र गोष्ट घडत आली. कळपातला जो बोकड सगळ्यांत लवकर वाढतो, तोच आधी खाटकाकडे जातो, कारण त्याला पैसे येतात. मागे राहतो तो खुरटलेला, आणि पुढची पिल्ले त्याची होतात. गाईत लोक चांगला नर राखत होते, शेळीत चांगला नर विकत होते. वर तोच बोकड वर्षानुवर्षे स्वतःच्या लेकी-नातींवर चालतो. मग आपण म्हणतो, गावठी शेळीला दूधच नाही.

गंमत बघा, वर्धा हे गवळाऊच्या पट्ट्यातले गाव. तिथे जमनालाल बजाजांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात गोसेवेचे काम अंगावर घेतले. आणि त्याच वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहणारे गांधीजी स्वतः पीत होते शेळीचे दूध. दूध न पिण्याचे त्यांचे व्रत होते. १९१८ च्या मोठ्या आजारानंतर कस्तुरबांनी सुचवले की व्रत घेताना तुमच्या मनात गाय-म्हैसच होती, शेळी चालेल. ते प्यायले, पण व्रताचा शब्द पाळला आणि आत्मा मोडला, ही टोचणी त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली आहे. अशा माणसाच्या घरी असूनही शेळीच्या वंशाला गाईसारखी चळवळ लाभली नाही.

दुसरीकडे काय झाले? एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून विलायतेला जाणाऱ्या बोटींवर वाटेत ताजे दूध मिळावे म्हणून शेळ्या चढवत. त्यांतल्या काही तिकडेच राहिल्या. त्यांत आपली लांबकानी जमुनापारीही होती. १८७९ मध्ये इंग्लंडात शेळीपालकांची संस्था निघाली, वंशावळीची पुस्तके सुरू झाली. जमुनापारी आणि मिसरकडचे बोकड तिथल्या शेळ्यांना लावून अँग्लो-नुबियन ही जात तयार झाली. घट्ट, सायीच्या दुधासाठी ती आज जगभर पाळतात. रक्त आपले, पण ती जात टिकली ती त्यांच्या रजिस्टरमुळे. आवक-जावक रजिस्टरात हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

पण नुसता चांगला वंश आणि भरपूर दूध एवढ्यानेही भागत नाही. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर शेळ्या दारोदार नेत आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून देत. पाणी घालायला वाव नाही, सगळे उघड. तरी तिथले इंग्रज शिपाई एका चिवट तापाने झिजत. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूसने त्याचा जंतू शोधला, आणि १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरने दाखवले की तो धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या दुधातून येतो. त्याच वर्षी अमेरिकेने दुधासाठी नावाजलेल्या साठाहून अधिक माल्टी शेळ्या विकत घेऊन बोटीने नेल्या. वाटेत खलाशी आनंदाने दूध प्यायले आणि त्यांतले कित्येक आजारी पडले. पुढच्या वर्षी माल्टातल्या फौजेने शेळीचे दूध बंद केले, तसा ताप झपाट्याने ओसरला. माझ्या आईच्या तापाचा जंतू याच ब्रूसच्या नावाने ओळखला जातो. म्हणजे सौंसरच्या काकांचा शब्द हवाच, पण त्याच्या जोडीला रक्ताची तपासणीही हवी. शब्द दुधाची खात्री देतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या रोगाची देऊ शकत नाही.

आता काळ थोडा बदलतो आहे. कर्नाळच्या राष्ट्रीय संस्थेत देशी जनावरांच्या जातींची नोंद होते. बेरारी आणि आमच्या शेजारच्या सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ या शेळ्यांची नोंद तिथे झाली आहे. आपल्या गोव्याची श्वेतकपिला गायही त्या यादीत आली. जातीला सरकारी नाव मिळाले, हे चांगले झाले. पण बाजारात जी एकटी शेळी उभी असते तिला नाव कोण देणार? ते विकणाऱ्यानेच द्यायचे आहे.

काकांकडून आल्यावर सहा महिन्यांनी मी पुन्हा शेळी घेतली. या वेळी बाजारात गेलो नाही, पाळणाऱ्याच्या घरी गेलो. संध्याकाळची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची, अशा दोन धारा समोर काढायला लावल्या आणि मापाने मोजल्या. तिची आई पाहिली. बोकड बाहेरून आणलेला आहे का, विचारले. शेळीचे रक्त तपासून घेतले, पीपीआरची लस कधी टोचली ते लिहून घेतले. तो माणूस आधी वैतागला, मग खुलला. म्हणाला, एवढे कोणी विचारत नाही. शेळी दिवसाला एक लिटर देते. दोन नव्हे, एक. त्याने एकच सांगितले होते. आई आता दूध उकळून पिते, कुरकुरत का होईना.

गेल्या महिन्यात तिची पाट आम्ही एका ओळखीच्या बाईंना दिली. देताना एका कागदावर लिहिले: जन्मतारीख, आईचे दूध, बोकड कोणाचा, तपासणी कधी झाली, लस कधी. खाली माझे नाव आणि फोन नंबर. आणि शेवटी, "मागच्या वेतात हिच्या आईला डाव्या सडाला सूज आली होती, लक्ष ठेवावे." बायको म्हणाली, "हे कशाला लिहिता? भाव पडेल." बाईंनी कागद वाचला, दोनशे रुपये कमी केले आणि पाट घेऊन गेल्या.

सौंसरला फोन करून काकांना सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "दोनशेच गेले न जी?"