लँड रोव्हर
रस्ते नसलेल्या, खडतर भूभागासाठी बनविलेली ब्रिटिश मोटारगाडी. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती. तेव्हा रोव्हर कंपनीचे अभियंते मॉरिस विल्क्स यांनी, अँगल्सी बेटावरील आपल्या शेतावर वापरलेल्या अमेरिकन जीपच्या धर्तीवर, ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या पत्र्यांची गाडी योजिली. ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात ती ३० एप्रिल १९४८ रोजी मांडण्यात आली. काही वर्षांपुरता काढलेला हा तोडगा सु. ६७ वर्षे टिकला. चारही चाकांना मिळणारी शक्ती व साध्या हत्यारांनी होणारी दुरुस्ती यांमुळे शेतकरी, सैनिक व संशोधक तिच्यावर विसंबत. सुखसोयी बेताच्याच, पत्रे गंजत नसले, तरी पोलादी सांगाडा गंजे. २००८ मध्ये तिची मालकी मुंबईच्या टाटा मोटर्सकडे आली. मूळ बांधणीची अखेरची गाडी २९ जानेवारी २०१६ रोजी सॉलिहल येथे तयार झाली.