शक्तिसाहाय्यित सुकाणू : जुन्या पिकअप ट्रकांतील रूपांतर

शक्तिसाहाय्यित सुकाणू : मोटारगाडीचे सुकाणू चक्र फिरविण्यास लागणारे बल एंजिनाच्या किंवा विद्युत् चलित्राच्या साहाय्याने कमी करणाऱ्या यंत्रणेस शक्तिसाहाय्यित सुकाणू (पॉवर स्टिअरिंग) म्हणतात. या यंत्रणेत चाके वळविण्याचे काम सर्वस्वी यंत्राकडे सोपविलेले नसते. चालकाचे हात व पुढील चाके यांच्यामधील यांत्रिक जोडणी कायम राहते आणि यंत्र केवळ मदत करते. एंजिन बंद पडल्यास वा तेलाचा दाब नाहीसा झाल्यास गाडी जड हाताने का होईना, पण वळविता येते. मूळ कारखान्यातून अशी सोय नसलेल्या जुन्या पिकअप ट्रकांना ती मागाहून बसविण्याचे काम विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, विशेषतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. प्रस्तुत नोंदीत या यंत्रणेचा इतिहास व असे रूपांतर करताना उद्‌भवणारे प्रश्न यांचा विचार केला आहे.

जड सुकाणूचा प्रश्न : घोडागाडीचा पुढील संपूर्ण आस मध्यबिंदूभोवती वळत असे. त्याऐवजी आस स्थिर ठेवून दोन्ही टोकांची चाके आपापल्या खुंट्यांभोवती वळविण्याची योजना म्यूनिक येथील गेओर्ख लांकेनश्पेर्गर यांनी काढली व १८१८ मध्ये रूडोल्फ आकरमान यांनी तिचे इंग्लंडमध्ये एकस्व (पेटंट) घेतले. मोटारगाड्यांनी हीच भूमिती स्वीकारली. प्रारंभीच्या हलक्या गाड्या तरफेने वळविल्या जात. १८९४ च्या पॅरिस–रूआन स्पर्धेत आल्फ्रेद व्हाशरॉन यांच्या पानार गाडीस चक्र बसविलेले होते आणि पुढील काही वर्षांत चक्राचा प्रसार झाला.

गाड्यांचे वजन वाढू लागताच चक्र व चाके यांमध्ये मळसूत्र व दंतचक्रखंड यांची पेटी घालून हाताच्या बलाचे गुणन करावे लागले. परंतु या उपायास मर्यादा आहे. बलाचे गुणन जितके अधिक, तितके चक्राचे फेरे अधिक होतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाके वळविण्यास पाच-सहा फेरे लागणारी गाडी अचानक आलेला अडथळा चुकविण्यास अपुरी ठरते. उलट फेरे कमी केले, तर उभी गाडी वळविताना चालकाचे दंड भरून येतात. हाताची ताकद व वळण्याची चपळता यांतील हा पेच केवळ दंतचक्रांनी सुटणारा नव्हता.

इतिहास : यांत्रिक शक्तीने सुकाणूस मदत करण्याच्या कल्पनेचे एकस्व अमेरिकेत रॉबर्ट ट्वायफर्ड यांनी १९०० मध्ये घेतले. तथापि व्यवहारोपयोगी यंत्रणेचे श्रेय फ्रान्सिस डेव्हिस (१८८७–१९७८) या अभियंत्याकडे जाते. पिअर्स–ॲरो या कारखान्याच्या ट्रक विभागात काम करीत असताना जड ट्रक वळविताना चालकांना होणारे कष्ट त्यांनी जवळून पाहिले होते. १९२२ मध्ये नोकरी सोडून त्यांनी मॅसॅचूसेट्समधील वॉल्थॅम येथे जॉर्ज जेसप या कुशल कारागिराच्या साहाय्याने स्वतंत्रपणे प्रयोग सुरू केले.

डेव्हिस यांच्या शोधाचे मर्म झडपेच्या रचनेत आहे. नेहमीच्या द्रवीय यंत्रांत झडप बंद असते व सर्व नळ्यांत सतत मोठा दाब ठेवावा लागतो. त्यामुळे पंपावर ताण पडतो व तेल गळते. डेव्हिस यांनी झडप मध्यस्थितीत उघडी ठेवली. गाडी सरळ जात असताना तेल कमी दाबाने नुसते फिरत राहते. चालकाने चक्र वळविताच झडप किंचित सरकते, परतीचा मार्ग आवळला जातो आणि चाकांच्या विरोधाच्या प्रमाणात दाब वाढून दट्ट्या ढकलला जातो. १९२६ मध्ये त्यांनी पिअर्स–ॲरो गाडीत ही यंत्रणा बसवून डिट्रॉइटच्या उत्पादकांना दाखविली. जनरल मोटर्सने तिच्यात रस घेतला, परंतु महामंदीच्या काळात उत्पादनाचा खर्च परवडणार नाही असे ठरून १९३४ मध्ये करार संपुष्टात आला. १९३६ पासून डेव्हिस यांनी बेंडिक्स या कंपनीशी सहकार्य केले.

दुसऱ्या महायुद्धाने या यंत्रणेस प्रत्यक्ष कामाची संधी दिली. शेव्हरोलेट विभागाने ब्रिटिश सैन्यासाठी बनविलेल्या स्टॅगहाउंड या सुमारे १४ टनी चिलखती गाडीचे सुकाणू द्रवीय साहाय्याचे होते. केवळ मनुष्यबळाने अशी गाडी रणांगणावर वळविणे कठीण होते. युद्धानंतर १९५१ मध्ये क्राइस्लर कंपनीने आपल्या इंपीरियल या उंची गाडीत हायड्रागाइड नावाने शक्तिसाहाय्यित सुकाणू विक्रीस आणले. ते डेव्हिस यांच्या मुदत संपलेल्या एकस्वांवर आधारलेले होते. पुढील वर्षी जनरल मोटर्सनेही कॅडिलॅक गाड्यांत ही सोय दिली. शोध व सार्वत्रिक विक्री यांत पाव शतकाचे अंतर पडले, त्याचे कारण तांत्रिक अडचणींपेक्षा आर्थिक हिशेबात अधिक होते.

पिकअप ट्रकांची स्थिती : ज्या ट्रकचालकांच्या कष्टांवरून ही कल्पना सुचली, त्यांच्यापर्यंत ती पोहोचण्यापूर्वी उंची मोटारींच्या मालकांपर्यंत पोहोचली, ही या इतिहासातील लक्षणीय गोष्ट होय. फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये टी प्रतिमानाच्या गाडीस मागे उघडा हौदा जोडून कारखान्यातच पिकअप तयार केला. तेव्हापासून पिकअप हे शेतकरी, सुतार व किरकोळ व्यापारी यांचे वाहन ठरले. किंमत कमी ठेवणे ही त्याची पहिली अट होती. ट्रक अंगमेहनतीनेच हाकावयाचा असतो, ही समजूतही रूढ होती. १९४७ मध्ये बाजारात आलेले शेव्हरोलेटचे ३१०० प्रतिमान व १९४८ चे फोर्ड एफ–१ हे युद्धोत्तर काळातील प्रसिद्ध पिकअप साध्या, हातबळाच्या सुकाणूचेच होते. शक्तिसाहाय्य पिकअपमध्ये प्रथम जादा किंमतीचा पर्याय म्हणून व पुढे हळूहळू नित्याची सोय म्हणून आले.

शेव्हरोलेट ट्रक महाराष्ट्रास अपरिचित नव्हते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे सुटे भाग जोडून वाहने तयार करण्याचा कारखाना काढला व तो १९५४ पर्यंत चालला. पुढील काळात जड वाहनांच्या सुकाणू पेट्यांचे उत्पादन पुणे जिल्ह्यातही सुरू झाले. वढू बुद्रुक येथील झेडएफ स्टिअरिंग गिअर ही १९८१ मध्ये स्थापन झालेली कंपनी त्याचे उदाहरण होय. तथापि भारतातील मालट्रकांचे चालक त्यानंतरही दीर्घकाळ साध्या सुकाणूवरच घाटरस्ते चढत-उतरत राहिले.

रूपांतराची कारणे : जुना पिकअप मूळ स्थितीत असल्यास त्याचे सुकाणू असह्य जड असतेच असे नाही. अरुंद व तिरक्या धाग्यांचे मूळ टायर, मोठ्या व्यासाचे चक्र आणि सहा सिलिंडरांचे एंजिन यांचा मेळ उत्पादकाने बसविलेला असतो. मालकाने रुंद त्रिज्यीय (रेडियल) टायर घातले, आठ सिलिंडरांचे वजनदार एंजिन बसविले किंवा चक्र लहान केले म्हणजे हा मेळ बिघडतो. उलटपक्षी, वंगणावाचून सुकलेल्या किंग पिना, झिजलेले धारवे व कमी हवेचे टायर यांमुळेही सुकाणू जड होते. अशा गाडीस प्रथम दुरुस्तीची गरज असते. दोष तसाच ठेवून शक्तिसाहाय्य बसविल्यास तो नाहीसा न होता केवळ झाकला जातो आणि झिजलेल्या सांध्यांवर पूर्वीपेक्षा अधिक बल येऊ लागते.

रचना व बसविण्याची पद्धती : शेव्हरोलेट ३१०० या प्रतिमानाचे उदाहरण घेतल्यास अडचणींची कल्पना येते. या ट्रकात पुढील बाजूस पाट्यांवर टेकलेला अखंड आस असतो. सुकाणू पेटीच्या बाहेरील दांडा (ड्रॉप आर्म) पुढे-मागे हलतो व गाडीच्या लांबीच्या दिशेने असलेल्या जोडदांड्याने (ड्रॅग लिंक) डाव्या चाकाच्या भुजेस ढकलतो. चक्रापासून पेटीपर्यंतचा दंड एकसंध असतो.

रूपांतरासाठी सामान्यतः नंतरच्या काळातील वाहनाची एकत्रित पेटी घेतात. तीत मळसूत्र, दट्ट्या व झडप एकाच कवचात असतात. चक्राचा दंड व मळसूत्र यांमध्ये बारीक पीळदंड असतो. चालकाने बल लावताच त्यास पीळ पडतो व तेवढ्या प्रमाणात फिरती झडप उघडते. पेटी निवडताना दांड्याची हालचाल कोणत्या दिशेने होते हे प्रथम पाहावे लागते. आडव्या जोडदांड्यासाठी बनविलेली पेटी पुढे-मागे चालणाऱ्या योजनेस तशीच लावता येत नाही. चुकीच्या दिशेने फिरणारी पेटी बसविल्यास चक्र उजवीकडे वळविले असता चाके डावीकडे वळतील.

जोडदांड्याची भूमिती हा दुसरा महत्त्वाचा भाग होय. खड्ड्यात चाक वर-खाली होताना आस पाट्यांच्या ठरलेल्या कमानी मार्गाने हलतो. जोडदांड्याचे टोकही जवळजवळ त्याच मार्गाने हलले पाहिजे. पेटी मूळ जागेपासून बरीच वर वा पुढे सरकविल्यास हे दोन मार्ग जुळत नाहीत आणि चालकाने चक्र स्थिर धरले असतानाही प्रत्येक खड्ड्यात गाडी आपोआप एका बाजूस ओढ घेते.

पेटी सांगाड्यास धरून ठेवणारा आधार सर्वांत जोखमीचा असतो. पूर्वी तेथे येणारे बल चालकाच्या हातांपुरते मर्यादित होते. आता सुमारे ७० ते १०० किग्रॅ./चौ. सेंमी. इतक्या दाबाचे तेल दट्ट्यास ढकलते व तितकीच प्रतिक्रिया सांगाड्याच्या पत्र्यावर येते. केवळ एका पातळ पत्र्यास बोल्ट आवळल्यास कालांतराने भोकांभोवती तडे जातात. त्यामुळे आतून जाड पट्टी व बोल्टांसाठी पोकळ नळ्या घालून भार पसरवावा लागतो. वितळजोडकाम अनुभवी कारागिराकडूनच होणे आवश्यक असते.

जुना एकसंध दंड कापून नव्या पेटीपर्यंत युनिव्हर्सल जॉइंटांनी जोडणी करतात. दोनांहून अधिक जॉइंट असल्यास मधल्या दंडास धारव्याचा आधार द्यावा लागतो, अन्यथा तो वळण्याऐवजी बाजूस कलतो. या बदलाचा एक लाभ असा की, समोरासमोरच्या टकरीत भाल्याप्रमाणे चालकाच्या छातीकडे येऊ शकणारा सरळ दंड नाहीसा होतो.

दाब निर्माण करणारा पात्यांचा पंप एंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. जुन्या एंजिनात भुजादंडावर एकच कप्पी असल्याने जादा कप्पी व पंपाचा आधार बनवून घ्यावा लागतो. पंपाचा प्रवाह पेटीच्या गरजेशी जुळणे आवश्यक असते. एका उत्पादकाचा जोरकस पंप दुसऱ्याच्या नाजूक दंतपट्टी-सुकाणूस जोडल्यास चक्र बोटाच्या स्पर्शाने वळते व वेगात गाडी सावरणे कठीण होते. दाबाची नळी तापलेल्या निष्कास नळीपासून दूर ठेवावी लागते, कारण गळणारे तेल पेट घेऊ शकते. तेल भरल्यावर पुढील चाके उचलून, एंजिन बंद ठेवून चक्र दोन्ही बाजूंस अनेकदा फिरवितात व अडकलेली हवा बाहेर काढतात. शेवटी चाकांची मांडणी तपासून किंग पिनेचा मागील कल थोडा वाढवितात. त्यामुळे वळणानंतर चाके आपोआप सरळ होतात व हलक्या सुकाणूस स्थैर्य येते.

विद्युत् साहाय्य : विद्युत् चलित्राचे साहाय्य मोटारगाडीत १९८८ मध्ये जपानमधील सुझुकी सर्व्हो या गाडीत आले. चक्राच्या दंडावरच बसणारे असे चलित्र जुन्या ट्रकांतही वापरतात. पंप, पट्टा व नळ्या लागत नाहीत आणि बाह्य रूप फारसे बदलत नाही. मात्र शेव्हरोलेट ३१०० सारख्या ट्रकांची मूळ विद्युत् यंत्रणा ६ व्होल्टची असल्याने ती १२ व्होल्टची करावी लागते व जनित्रही अधिक क्षमतेचे लागते. मूळ पेटी व सांधे तसेच राहत असल्याने ते सुस्थितीत असणे येथे विशेष महत्त्वाचे ठरते.

मूल्यमापन : अशा रूपांतरास ऐतिहासिक वाहनांच्या जतनाच्या दृष्टीने आक्षेप घेतला जातो. जुना ट्रक हा त्या काळच्या श्रमाचाही पुरावा असतो. त्याचे जड सुकाणू, मोठे चक्र व संथ वळण यांवरून चालकाच्या दिवसाची कल्पना येते. सांगाडा कापल्यावर हा पुरावा परत मिळत नाही. उलट बाजूने असे म्हटले जाते की, वय झालेला मालक किंवा दुबळ्या खांद्यांची व्यक्ती जो ट्रक वळवूच शकत नाही तो गोदामात गंजत पडतो, आणि वापरात नसलेल्या यंत्राचेही जतन होत नाही. म्हणून काढलेले मूळ भाग जपून ठेवणे, सांगाड्यास नवी भोके कमीत कमी पाडणे व पुन्हा पूर्वस्थितीत आणता येईल अशी योजना निवडणे, हा मध्यम मार्ग अनेक जाणकार पसंत करतात. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनातील फेरबदलांवर निर्बंध असल्याने असे काम हाती घेण्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्याकडे विचारणा करणे इष्ट असते.

शक्तिसाहाय्यित सुकाणूचे खरे महत्त्व केवळ सुखसोयीत नाही. वाहन चालविणे ही दंडांच्या ताकदीची कसोटी न राहता अवधान व कौशल्य यांची बाब झाली, हा त्याचा व्यापक परिणाम होय. जुन्या पिकअपमध्ये ते बसविणारा कारागीर डेव्हिस यांनी ट्रकचालकांसाठी आरंभिलेले काम एका अर्थी उशिरा पूर्ण करीत असतो. परंतु त्याच्या एका सैल बोल्टावर चालकाचे व रस्त्यावरील इतरांचे प्राण अवलंबून असतात, ही जबाबदारीही त्याच्याकडे येते.