एकाच औषधावर भागत नाही : परळच्या एका ट्रायलची गोष्ट

आपल्या बाळापूरकडं कपाशीवाल्या कुणालाही विचारा, २०१७ म्हटलं की गुलाबी बोंडअळीच आठवते. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा अळी मरायची. पण ज्या थोड्या वाचल्या, त्यांचीच पैदास वाढली आणि पुढं अळी बीटीला जुमानेना.

त्याच २००२ मध्ये जपाननं फुफ्फुसाच्या कॅन्सरवरच्या जेफिटिनिब या गोळीला मंजुरी दिली. तिचंही तसंच झालं. काहींना जबरदस्त गुण यायचा, पण साधारण वर्षभरात कॅन्सर पुन्हा डोकं वर काढायचा.

मग वाटलं, गोळीसोबत केमोही देऊन बघू. दोन मोठ्या ट्रायल झाल्या, प्रत्येकी हजारावर पेशंट. २००४ मध्ये निकाल छापून आले : जास्तीचा फायदा शून्य.

पण गंमत बघा. त्याच वर्षी कळलं, की ज्यांच्या कॅन्सरच्या ईजीएफआर जीनमध्ये ठरावीक बदल असतो, मुख्यतः त्यांनाच ही गोळी लागू पडते. त्या दोन ट्रायलमध्ये तर सरसकट सगळेच घेतले होते! म्हणजे आयडिया चुकली नव्हती, पेशंटची निवड चुकली होती.

हाच प्रश्न मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि टीमनं नव्यानं विचारला. २०१६ ते २०१८ या काळात ३५० पेशंट घेतले, सगळे तो बदल असलेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला फक्त गोळी. दुसऱ्याला गोळी अधिक पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन. कॅन्सर गोळीला दाद देईनासा होईपर्यंत थांबायचं नाही, सुरुवातीलाच दोन्ही बाजूंनी घेरायचं.

२०१९ मध्ये निकाल आला. कॅन्सर काबूत राहण्याचा मधला काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला. फुकटात नाही हं : गंभीर त्रास होणारे २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले. कॅन्सर कायमचा बराही झाला नाही.

पण वाढलेले आठ महिने म्हणजे किती? कपाशीच्या पेरणीपासून शेवटच्या वेच्यापर्यंत. एक अख्खा हंगाम, घरच्यांसोबत.

२०२३ मध्ये ओसिमर्टिनिब या नव्या गोळीसोबतही केमोची जोडी सरस ठरली. तेव्हा घरात कुणाला हा आजार निघालाच, तर डॉक्टरांना एवढं नक्की विचारा : ईजीएफआरची टेस्ट झाली का?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!