हळदीची साक्ष

गेल्या पावसाळ्यात आमच्या मावशीने माझ्यापुढे एक बाटली आणून ठेवली. परदेशी असलेल्या नातवाने पाठविलेली. आत पिवळ्या रंगाच्या कॅप्सूल. ही हळद शरीरातील दाह व सूज उतरविते आणि हे संशोधनाने सिद्ध झाले आहे, असे वेष्टनावर इंग्रजीत छापलेले होते. मावशीचे वय ७८. दोन्ही गुडघे सुजलेले. मिस्साच्या वेळी गुडघे टेकता येत नाहीत, ही तिची दुखण्याहून मोठी खंत. ती म्हणाली, "जन्मभर हळद खाल्ली ना आपण? मग बाटलीत भरल्यावर तिच्यात नवं काय आलं? आणि सिद्ध झालं म्हणतात, ते केलं कुणी?" पहिल्या प्रश्नाला मी हसलो. दुसऱ्याने मात्र मला कामाला लावले.

चरक व सुश्रुत यांच्या संहितांत हरिद्रेचा उल्लेख आहे, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु हळदीविषयीची छापील चौकशी शोधीत मागे जावे, तर वाट गोव्याला येऊन पोहोचते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात उतरला. सालामांका आणि अल्काला या विद्यापीठांत तो शिकलेला होता. गोव्याच्या गव्हर्नरांपासून अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहापर्यंत अनेकांची नाडी त्याने पाहिली. मुंबईचे बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. तीस वर्षे येथील वनस्पती, बाजार आणि वैद्य पाहून झाल्यावर त्याने भारतातील औषधी द्रव्यांवर एक संवादग्रंथ लिहिला. तो १५६३ साली गोव्यात छापला गेला. मुद्रणयंत्र गोव्यात येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती.

ग्रंथात दोघे जण बोलतात. एक स्वतः ओर्ता. दुसरा रुआनो नावाचा कल्पित विद्वान, जो प्रत्येक गोष्टीला ग्रीक आणि अरब आचार्यांचा दाखला मागतो. अठराव्या संवादात 'भारतीय केशर' या नावाने हळद येते. रुआनोला ती पुस्तकात कोठे बसते याची चिंता. ओर्ताला ती बाजारात काय म्हणून विकली जाते आणि वैद्य तिचा उपयोग कसा करतात, याचे कुतूहल. आपण स्पेनमध्ये असतो तर गॅलेनविरुद्ध बोलण्याचे धाडस केले नसते, अशी कबुलीही या ग्रंथात तो एके ठिकाणी देऊन जातो. डोळ्यांनी पाहिलेले खरे मानायचे, मग मोठ्यांचा ग्रंथ काही म्हणो, ही त्याची वृत्ती. हळदीच्या संशोधनाचा आरंभ कोठून करावा असे मला कोणी विचारले, तर मी या वृत्तीपासून करीन.

त्याचे पुढे काय झाले, हे आपण ख्रिस्ती वाचकांनी टाळून जाऊ नये. ओर्ता हा सक्तीने बाप्तिस्मा दिल्या गेलेल्या यहुदी आईबापांचा मुलगा. त्याच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर व्हाइसरॉयच्या परवानगीबरोबर गोव्याच्या इन्क्विझिटरची, आलेशो दियश फाल्काव याची, परवानगी छापलेली आहे. ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले आणि १५८० साली त्याच धर्मन्यायालयाने ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळली. ज्या अधिकारपीठाने ग्रंथाला मोहोर दिली, त्यानेच ग्रंथकाराची राख केली. पुढे १७३६ च्या जाहीरनाम्याने गोव्यातील ख्रिस्ती लग्नांत वधूवरांना हळद लावण्याच्या चालीवरही बंदी घातली. या न्यायालयाचा प्रश्न एकच होता : हे चालू द्यायचे की नाही? हळद सूज उतरविते की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी, सत्याच्या सेवेच्या नावाखाली धर्मसभेच्या लेकरांकडून घडलेल्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. तेव्हा मला या हाडांची आठवण झाली होती.

असो. यानंतर हळद प्रयोगशाळेत शिरते. १८१५ मध्ये व्होगेल आणि पेलेतिये या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातील पिवळे द्रव्य वेगळे केले व त्याला कर्क्युमिन हे नाव मिळाले. त्याची रासायनिक रचना पोलिश शास्त्रज्ञांनी १९१० साली उलगडली. मधली पंचाण्णव वर्षे ते द्रव्य, एक सुंदर रंग, एवढ्याच ओळखीवर राहिले.

सुजेचा प्रश्न नेटाने धरला तो आपल्याच देशात. लखनौला छत्तर मंझिल या नबाबी राजवाड्यात १९५१ साली केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली. तेथील श्रीमाळ आणि धवन यांनी १९७३ साली कर्क्युमिनवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांची परीक्षा सामान्य माणसालाही समजेल अशी होती. समुद्रशेवाळापासून मिळणारे कॅरागिनन हे द्रव्य उंदराच्या पंज्यात टोचले, की पंजा सुजतो. तो किती फुगला हे मोजायचे. काही उंदरांना कर्क्युमिन द्यायचे, काहींना फेनिलब्युटाझोन हे त्या काळचे सुजेवरील जबर औषध. या ताज्या सुजेत कर्क्युमिन फेनिलब्युटाझोनच्या तोडीस तोड उतरले. जुनाट, रेंगाळणाऱ्या सुजेत मात्र त्याची ताकद निम्मीच भरली. हा दुसरा निष्कर्षही त्या दोघांनी तितक्याच सरळपणे लिहून ठेवला आहे. गुडघेदुखी बहुधा जुनाट असते, हे वेष्टन छापणाऱ्यांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

मग पाळी माणसांची. १९८० साली देवधर, सेठी आणि श्रीमाळ यांनी संधिवाताच्या १८ रुग्णांना दोन-दोन आठवडे ही दोन औषधे आलटून पालटून दिली. दोन्हींनी काहीसा आराम पडला. पण निर्गुण गोळीशी तुलना त्यात नव्हती. ती उणीव भरून काढली मुंबईकर औषधशास्त्रज्ञ डॉ. सातोस्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ज्यांचे पाठ्यपुस्तक वाचून आपल्याकडच्या डॉक्टरांच्या कितीतरी पिढ्या घडल्या, तेच हे सातोस्कर. हर्निया व अंडवृद्धीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना येणारी सूज त्यांनी तपासली. काहींना कर्क्युमिन, काहींना फेनिलब्युटाझोन आणि काहींना गुण नसलेली गोळी. निर्गुण गोळीपेक्षा दोन्ही औषधे सरस दिसल्याचे त्यांनी १९८६ साली नोंदविले. दिवसाची मात्रा होती १,२०० मिलिग्रॅम कर्क्युमिन.

येथे मावशीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सापडते, आणि हसल्याबद्दल मला ओशाळे व्हावे लागते. हळदीत कर्क्युमिन असते शेकडा ३ च्या आसपास. म्हणजे एवढ्या मात्रेसाठी रोज सुमारे ४० ग्रॅम हळद पोटात जायला हवी. कालवणात आपण घालतो ती चिमूट. तेव्हा बाटलीतली हळद आणि रांधणीतली हळद या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. एकीची पुण्याई दुसरीच्या नावावर मांडता येत नाही.

पुढचा अडथळा पोटाचाच. कर्क्युमिन गिळले तरी रक्तात जवळजवळ उतरत नाही. बेंगळुरूचे सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने १९६३ साली सुरू केले. तेथील संशोधकांनी १९९८ साली असे दाखविले, की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर काळ्या मिरीतील पायपेरिन केवळ २० मिलिग्रॅम दिले, तर शरीरात शोषले जाणारे प्रमाण सुमारे वीसपट वाढते. आपल्या संस्थेचे नाव या इतिहासात आहे याचा मला आनंद आहे. पण वीसपट कशाच्या? जवळजवळ शून्याच्या. शिवाय जे पायपेरिन कर्क्युमिनला शरीरात टिकवून धरते, ते रुग्णाच्या इतर काही औषधांनाही तसेच धरून ठेवू शकते.

याच सुमारास हळद पुन्हा एका न्यायासनापुढे उभी राहिली. जखम भरून आणण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेने २८ मार्च १९९५ रोजी मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे! वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली त्याला आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, जन्माने गोव्यातील माशेलचे. अडचण अशी, की त्या वेळच्या अमेरिकन कायद्याला परदेशातील आजीबाईची साक्ष चालत नसे. छापील कागद लागे. परिषदेने असे ३२ संदर्भ गोळा केले. त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदी ग्रंथ होते. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ सालचा निबंधही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटचे दावे फेटाळले गेले. वृत्तपत्रांतून आनंदीआनंद झाला, आणि तो रास्तच होता.

मात्र त्या आनंदात एक गल्लत झाली, ती आजतागायत निस्तरलेली नाही. पेटंट कार्यालयाने तपासले ते एवढेच, की ही गोष्ट नवी आहे की जुनी. हळद जुनी ठरली. गुणकारी ठरली नाही, कारण तो प्रश्न त्या खटल्यात नव्हताच. आपण मात्र 'अमेरिकेनेही मान्य केले' असे म्हणू लागलो, आणि कॅप्सूलवाल्यांना यापरते काय हवे होते?

त्यानंतर निबंधांचा महापूर आला. पेशीतील दाहाची कळच कर्क्युमिन बंद करते, असे १९९५ पासून प्रयोगशाळांतून सांगितले जाऊ लागले. ह्यूस्टनच्या एका प्रसिद्ध कर्करोग संस्थेतील ज्या संशोधकाचे नाव यात आघाडीवर होते, त्याचे दोन डझनांहून अधिक निबंध नियतकालिकांना पुढे मागे घ्यावे लागले. २०१७ साली अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने सगळा हिशेब मांडला. कर्क्युमिन अस्थिर आहे, अनेक परीक्षांत ते खोटा होकार देते आणि माणसांवरील १२० हून अधिक चाचण्यांत, रुग्ण व डॉक्टर दोघांनाही गोळी कोणती हे ठाऊक नसताना केलेली एकही चाचणी यशस्वी ठरलेली नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. निर्वाळा कठोर आहे; सातोस्करांच्या कामावर त्याने पाणी पडते, असे मात्र मी मानीत नाही. छोट्या चाचणीने दार किलकिले केले होते, एवढेच. दार सताड उघडल्याची दवंडी इतरांनी पिटली.

मावशीच्या उपयोगाची वाटावी अशी एक चाचणी २०२० साली ऑस्ट्रेलियातील टास्मानियात झाली. गुडघ्याची झीज आणि सूज असलेल्या ७० जणांना १२ आठवडे हळदीचा अर्क किंवा निर्गुण गोळी देण्यात आली. अर्क घेणाऱ्यांचे दुखणे अधिक कमी झाले. मग यंत्राने गुडघ्याच्या आतली सूज मोजली, तर दोन्ही गटांत फरक दिसेना. म्हणजे वेष्टनावर छापलेला गुण सापडला नाही, न छापलेला थोडासा सापडला. उलट बाजूला, अमेरिकेतील यकृत-तज्ज्ञांच्या जाळ्याने हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांची नोंद २०२२ साली प्रसिद्ध केली आहे.

हे सारे मी मावशीला एका दुपारी सावकाश वाचून दाखविले. ओर्ताच्या हाडांची हकीकत ऐकताना तिने छातीवर क्रूस काढला. बाकीचे ऐकून झाल्यावर तिने एकच विचारले, "मग दुखणं थांबतं की नाही?" काहींचे थोडे थांबते, मी म्हणालो, पण रक्त पातळ ठेवण्याची तुझी गोळी चालू आहे, तेव्हा डॉक्टरांना दाखविल्याशिवाय एकही कॅप्सूल नको. दुसऱ्या दिवशी आम्ही बाटली घेऊन गेलो. डॉक्टरांनी वेष्टन उलटसुलट करून वाचले, त्यावर पायपेरिनचे नाव दिसले तेथे बोट ठेवले आणि बाटली आपल्याच टेबलाच्या खणात टाकली. मावशीला ते आवडले नाही. नातवाला काय कळवायचे, याचा विचार ती घरी पोहोचेपर्यंत करीत होती.