रविवर्मा प्रेस

चित्रकार राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी आपल्या चित्रांच्या रंगीत प्रती काढण्यासाठी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला शिळाछापखाना. पुढे या छापखान्याने चित्र-पोस्टकार्डेही काढली. संस्थानिकांच्या वाड्यांतली चित्रे छापून सर्वांना मिळावीत, असा सल्ला त्रावणकोर व बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी रविवर्मांना आधीच दिला होता. धाकटे बंधू सी. राजा राजा वर्मा यांची साथ होती. यंत्रे आणि जाणते कारागीर जर्मनीहून आले. ‘शकुंतलाजन्म’ हे इथले पहिले छापील चित्र. प्लेगच्या दिवसांत, १८९९ मध्ये, छापखाना कार्ले लेण्यांजवळच्या मळवलीस हलला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला.

शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे आणि मूळ चित्र त्यावर हाताने उतरवावे लागे. त्यामुळे घरोघरी पोचलेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या मुद्रेत रविवर्मांइतकाच त्या अनाम कारागिरांचाही हात आहे. त्यांची नोंद फारशी कोणी ठेवली नाही, ही मोठी उणीव होय. फोटो-लिथो पद्धतीत चित्राचा फोटो घेऊन तोच दगडावर उतरवता येई. छायाचित्रण शिकलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी या प्रेससाठी हेच काम केले.

भारतात पाव आण्याचे साधे पोस्टकार्ड १८७९ मध्ये आले. चित्रकार्डांचा प्रसार शतक सरताना झाला. सुरुवातीला कार्डाची मागची बाजू केवळ पत्त्यासाठी असे आणि मजकूर चित्राच्या कडेने कोंबावा लागे. १९०६-०७ च्या सुमारास पाठीवर मजकुरालाही जागा मिळाली आणि चित्राला पुढची बाजू पूर्ण मोकळी झाली. त्या काळात मुंबईच्या ‘क्लिफ्टन आणि कंपनी’सारख्या प्रकाशकांनी शहरांची आणि लोकजीवनाची छायाचित्रे कार्डांवर आणली. रविवर्मा प्रेसच्या कार्डांवर मात्र रविवर्मांच्याच देवता आणि पुराणातल्या नायिका होत्या. भिंतीवर टांगायची चित्रे अशी टपालाच्या थैलीतून फिरू लागली.

फाळक्यांनी १९०८ च्या सुमारास स्वतःचा ब्लॉक व छपाईचा कारखाना काढला. तोच पुढे भागीदारीत ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीला गेले. भागीदारी तुटल्यावर चित्रपटाकडे वळले आणि १९१३ मध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. मळवलीचा छापखाना त्यानंतरही अनेक वर्षे चालू होता. १९७२ मधील आगीत तो नष्ट झाला.