दाराबाहेरची राख

भस्म बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, संध्याकाळच्या खोपोली लोकलमध्ये एखाद्या कपाळावर काळपट क्रूस दिसला, तर शेजारचा प्रवासी दचकत नाही. कपाळी भस्म लावणारा हा मुलूख. २०२६ साली तर महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला आली आणि भस्म बुधवार १८ला. कर्जत-खालापुरात ख्रिस्ती वस्ती तशी विरळ. माथेरानला इंग्रजी अमदानीतली चर्चे आहेत. बाकी कुटुंबे इथेतिथे विखुरलेली.

पण या राखेचे कूळ शोधू गेले, तर ती मुळात सगळ्यांसाठी नव्हतीच.

जर्मनीतल्या प्रुम इथला माजी मठाधिपती रेगिनो याने इ.स. ९०६च्या सुमारास एक विधी लिहून ठेवला आहे. ज्यांची पापे चारचौघांत उघड झाली होती, अशी माणसे उपवासकाळाच्या तोंडी मुख्य चर्चच्या दाराशी येत. अंगात जाडेभरडे कापड, पाय अनवाणी, मान खाली. बिशप त्यांच्या डोक्यावर राख टाकी आणि त्यांना दाराबाहेर काढी. पुन्हा आत घेतले जाई ते थेट पवित्र गुरुवारी, ईस्टरच्या तीन दिवस आधी. मधले सहा आठवडे उपास, प्रार्थना आणि वाट पाहणे. दार उघडेल एवढ्या भरवशावरच माणूस बाहेर थांबे. उपवासकाळातला धीर आणि देवावरचा हवाला यांवर पुढे पुष्कळ प्रवचने झाली. त्या दोन्हींचे रोकडे रूप या उंबरठ्याबाहेर दिसते.

उपवासकाळाची सुरुवात बुधवारीच का, याचे उत्तर मात्र निव्वळ हिशेबाचे. रोममध्ये पूर्वी उपवासकाळ रविवारपासून धरत. रविवारी उपास नाही, म्हणून सहा आठवड्यांत भरत जेमतेम ३६ दिवस. येशूने रानात काढलेले दिवस ४०. उरलेले ४ त्याआधी जोडले आणि आरंभ बुधवारावर आला.

हळूहळू उघड प्रायश्चित्ताची प्रथा मागे पडली. राख मात्र राहिली; पापी ठरलेल्यांच्या रांगेत इतरही आपणहून उभे राहू लागले. इंग्लंडचा मठवासी एल्फ्रिक इ.स. १०००च्या सुमारास सगळ्यांनीच राख घ्यावी, असे सांगत होता. १०९१ साली इटलीतल्या बेनेव्हेंतोच्या धर्मसभेने, दुसरे पोप अर्बन यांच्या काळात, ती सर्वांना लागू केली. गुन्हेगाराची खूण गावभर वाटली गेली, हा या कुळकथेतला सगळ्यात धीट टप्पा म्हणायला हवा.

राख कशाची, हे बाराव्या शतकात पक्के झाले: आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या फांद्यांची. कोकणात साहजिकच नारळाची झावळी. ती वर्षभर घरात, तसबिरीमागे किंवा दाराच्या चौकटीवर खोचलेली असते. हिरवी पात आधी पिवळी पडते, मग कडकडीत वाळते. लोखंडी घमेल्यात जाळली की पात भुर्रकन पेटते, हीर मात्र धुमसत राहतो. तो अर्धाकच्चा राहिला तर राखेत कुसळे येतात. म्हणून ती कुटून, फडक्यातून गाळून घ्यायची. गाळली नाही तर कपाळाला टोचते.

लावायच्या रीतीही दोन. इटलीत आजही बहुधा डोक्यावर चिमूटभर टाकतात. आपल्याकडे कपाळावर क्रूस. जानेवारी २०२१मध्ये कोरोनामुळे व्हॅटिकनने सांगितले, की धर्मगुरूने वचन सगळ्यांसाठी एकदाच म्हणावे आणि मग काही न बोलता प्रत्येकाच्या डोक्यावर राख टाकावी. रेगिनोने वर्णिलेलीच ही जागा.

पुढचा भस्म बुधवार १० फेब्रुवारी २०२७ला. त्यासाठी लागतील त्या २९ मार्च २०२६च्या झावळ्या. घरात झावळी खोचलेली असेल तर कचऱ्यात टाकू नका, भस्म बुधवाराच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये नेऊन द्या.